शुभेच्छापत्रावरची म्हैस

बाईजा भेरेची म्हैस चाळीस वर्षांनी घरी आली, ती कार्डावर बसून.

झालं असं, की नातीचा, म्हणजे नेहाचा, पाचवा वाढदिवस होता. सून प्रियांका भिवंडीकडच्या एका गोदामात पॅकिंगला जाते. तिथल्या मैत्रिणीनं पोरीसाठी रंगीत पेन्सिली धाडल्या आणि वर एक जाडजूड शुभेच्छापत्र. केक कापून झाला, खाण्यापेक्षा गालांना जास्त फासून झाला, वीज नेहमीप्रमाणे गेली. बाईजानं वारा घ्यायला ते कार्ड उचललं आणि दोनदा हलवून तिचा हात जागीच थांबला. कार्डावर डबक्यात बसलेली एक म्हैस. नाकात नथ, हनुवटी वर आणि तोंडावर असा तोरा, जसं काही ते डबकं तिनं माहेराहून आणलंय.

"अगो बया!" बाईजा म्हणाली. "ही तर माजी म्हस!"

"आई, आपल्याकडं म्हस कदी व्हती?" प्रियांकानं विचारलं.

कोपऱ्यातल्या खाटेवरून पंच्याऐंशी वर्षांच्या ताराबाईनं मान वर केली. ताराबाई म्हणजे बाईजाची सासू. गुडघे गेले, दात गेले, पण कान शाबूत. "कसली म्हस गो?"

"काय नाय आत्या, कार्ड हाये नुसतं," असं म्हणत बाईजानं म्हैस पदराखाली घातली. बासष्ट वर्षांची बाई, तीन पोरांची आजी, पण चिंचा चोरताना सापडलेल्या पोरीसारखी लाल झाली होती. कारण त्या म्हशीचं तोंड ताराबाईचं होतं.

आता हे कसं, ते सांगायला हवं.

किन्हवलीहून आत चार किलोमीटरवर बेलकडी नावाचं गाव. तिथं अंगणवाडी उघडायची ठरली, तेव्हा सही करता येणाऱ्या बायका गावात तीनच. त्यातल्या दोघींचे दिवस भरत आलेले. राहिली धसईहून लग्न होऊन आलेली, सातवी पास बाईजा. झाली ती अंगणवाडीची बाई. पोरांना खायला सुकडी आली, म्हणजे भाजलेल्या पिठाचा गोड भुगा. वजनकाटा आला, आणि बडबडगीतांचा एक कागद आला. त्याच्या तळाशी ओळ होती, 'चित्रे मागाहून पाठवीत आहोत.' ती चित्रं अजून यायची आहेत. पायी निघाली असावीत.

चित्राशिवाय पोरं गाणं शिकेनात. कोल्हा म्हटलं की दाराबाहेर बघायची. शेवटी बाईजानंच चित्रं काढायला घेतली. आणि इथंच घोटाळा झाला. तिनं जन्मात काढली होती ती दारातली रांगोळी आणि लग्नातला चौक. मनानं कोल्हा काढायला गेली तर त्याचा बटाटा झाला, म्हैस काढायला गेली तर तिचा दोन कानांचा बटाटा. मग तिला एक युक्ती सुचली. रोज समोर दिसणाऱ्या माणसाचं तोंड आठवायचं, ते काढायचं आणि मग त्याला शिंगं, शेपूट, मिशा काय लागेल ते जोडायचं. कागद म्हणून निवडणुकीची उरलेली पोस्टरं, त्यांची कोरी पाठ. रंग म्हणून हळद, चुना, चुलीची काजळी आणि पळसाची फुलं. आणि तोंडं म्हणून गाव होतंच की!

आपल्या नवऱ्याचा, गणूचा, तिनं मोर केला, कारण गणू शेतावर जातानाही खिशात कंगवा ठेवायचा. गणूला जाऊन नऊ वर्षं झाली. त्याचा मोर मात्र तिनं अगदी मन लावून रंगवला होता, हे तिला अजून आठवतं.

बाकीचे मात्र प्रेमानं काढलेले नव्हते. सरपंच रामू वेखंडे पाच वर्षांतून एकदा हात जोडून दारात यायचा आणि मग थेट पुढच्या पाच वर्षांनी. त्याच्या वाट्याला हे गाणं आलं:

कोल्होबाची पांढरी टोपी,
हात जोडून आला;
कोंबडीला म्हणे ताई, ताई,
पिसं ठेवून गेला.

आणि घरात ताराबाई. तेव्हा तिची अशी जरब, की तिनं पाणी प्यायल्याशिवाय विहिरीचं पाणी कुणी प्यायचं नाही. सुनेनं मीठ जास्त घातलं तर शेजारच्या गल्लीपर्यंत कळायचं, आणि कमी घातलं तर किन्हवलीपर्यंत. बाईजाला उलट बोलायची सोय नव्हती. बोलली नाही. चित्र काढलं:

म्हस बसली डबक्यात,
ऊठ म्हटलं, उठंना;
पाणी प्यायला आल्या गाई,
म्हस काई हटंना.

पोरांनी चित्रं बघितली आणि क्षणात ओळखली. पोरंच ती! गडबडा लोळली हसून. बाईजानं छडी आपटली आणि सांगितलं, "घरी जाऊन सांगाल तर सुकडी बंद." एवढ्यावर मामला मिटला. गाणी मात्र अशी पाठ झाली, की पोरं झोपेतही म्हणायची.

सगळी चित्रं दाभणानं शिवून तिनं एक वही केली. सहा-सात वर्षं ती वही चालली. मग तपासणीला येणाऱ्या चंदा मॅडमनी ती उचलली. या मॅडम तीन महिन्यांनी एकदा यायच्या, खुर्चीत बसायच्या, पोरांचा गूळ खायच्या आणि रजिस्टरवर हात ठेवून डुलकी काढायच्या. "तालुक्याला दाखवते हं," म्हणाल्या आणि घरी घेऊन गेल्या. बाईजानं दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा मॅडम म्हणाल्या, "हरवली वाटतं." विषय संपला.

तर ती हरवलेली म्हैस आता पदराखाली होती. प्रियांकानं ओट्याशी नेऊन कार्ड उलटं केलं आणि बारीक अक्षरं वाचली: विंटेज बडबडगीत मालिका. चित्रकार अज्ञात.

"इंटेज म्हंजे?"

"जुनं. पण पैसे जास्त."

"आन अज्ञात?"

"म्हंजे कोन ते माहीत नाय."

"माहीत नाय कसं?" बाईजा भडकली. "मी हाये ना इथं! जिवंत हाये चांगली! कुनी इचारलं का मला?"

तिचा राग खरा होता. आयुष्यभर तिला नावच नव्हतं. पोरांची बाई, गणूची बायको, ताराबाईची सून, सुयोगची आई. अंगणवाडी सुटली तेव्हा नारळ दिला, शाल दिली आणि भाषण करणाऱ्यानं तीनदा तिचं नाव चुकवलं. आता कुठल्या कुठं, शहरातल्या लोकांच्या पोरांच्या वाढदिवसाला तिची चित्रं जात होती, आणि मागे लिहिलेलं काय, तर अज्ञात. तिला पैसे नको होते. नको होते म्हणजे मिळाले तर चालले असते, पण आधी नाव हवं होतं. छापील. एकदा तरी.

प्रियांकानं कार्डावरच्या नंबरला फोन लावला. कार्डं काढणारी पोरगी ठाण्याची, नाव दिशा. बोलायला गोड. कल्याणला एका रद्दीवाल्याकडं तिला ती वही मिळाली होती. "आजी, मी किती दिवस शोधतेय चित्रकाराला," ती म्हणाली. "पण अडचण अशी आहे, की चंदा मॅडम म्हणून एक बाई आधीच भेटल्या. त्या म्हणतात, चित्रं त्यांची आहेत."

बाईजानं फोनवर जे उच्चारलं ते इथं देता येत नाही. प्रियांकानं नेहाचे कान झाकले.

"तुम्ही एखादं चित्र काढून दाखवाल का?" दिशानं विचारलं. कुठलं काढणार! संधिवातानं बोटं अशी वाकलेली, की भाकरीसुद्धा प्रियांका थापते. तिकडं चंदा मॅडमनीही डोळ्यांच्या ऑपरेशनचं कारण सांगून हात वर केले होते. "मग एवढंच सांगा," दिशा म्हणाली, "त्या चित्रांबद्दल तुम्हाला असं काय माहीत आहे, जे दुसऱ्या कुणालाच माहीत नसेल?"

बाईजाला माहीत होतं की! पण ते सांगायचं म्हणजे सरपंचाला कोल्हा म्हणायचं. तेही एक वेळ चाललं असतं. रामू वेखंडेला लोक त्याहून वाईट म्हणतात. पण म्हशीचं काय? ताराबाई आता पूर्वीची राहिली नव्हती. बाईजा तिला न्हाऊ घालायची, भात कुस्करून भरवायची. म्हातारी "बाईजे, तू जेवलीस का?" असं विचारायला शिकली होती, आणि ते ऐकायला बाईजानं पस्तीस वर्षं घालवली होती. आता या वयात तिला कळावं, की सुनेनं आपल्याला म्हैस केलं आणि अख्ख्या गावाच्या पोरांना दाखवून हसवलं? उद्या म्हातारी गेली, तर हेच मनात घेऊन जायची. दोन रात्री बाईजाला झोप नाही. नाव तर पाहिजे होतं, आणि म्हातारीही पाहिजे होती.

मग तिला शिमगा आठवला. या भागात शिमग्याला कुणाचंही उणंदुणं काढावं, तोंडावर बोंब मारून काढावं. ऐकणाऱ्यानं हसावं; हसता येत नसेल तर तोंड फिरवावं; पण राग धरायचा नाही. धरला तर गाव वर्षभर चिडवतं. तिनं दिशाला कळवलं, "धुळवडीला या. त्या मॅडमला पन आना." मनाशी ठरवलं, कोल्हा सांगायचा, दोन-चार किरकोळ जनावरं सांगायची, आणि म्हशीपाशी यायच्या आत आटपायचं.

धुळवडीच्या सकाळी माळावर होळीचे निखारे अजून धगधगत होते. त्यावर बायकांनी पाण्याची भांडी चढवली होती, पोरांना आंघोळी घालायला. गाव जमलं होतं, अर्धं रंगात, अर्धं झोपेत. आणि बाईजानं बघितलं, तर सुयोग आपल्या आजीला प्लास्टिकच्या खुर्चीसकट उचलून घेऊन येतोय.

"हिला कशाला आनलास रे?" बाईजानं दबक्या आवाजात विचारलं.

"तीच बोलली, मला ने."

"का? मी मेले नाय अजून," ताराबाई म्हणाली. "शिमगा मलापन हाये."

दिशाची गाडी आली. मागच्या सीटवरून चंदा मॅडम उतरल्या, सिल्कची साडी, गळ्यात दोरीचा चष्मा. बेलकडीला धुळवडीच्या दिवशी सिल्कची साडी नेसून येणं हा एक वेडेपणा झाला, आणि तो त्यांचा त्या दिवशीचा सगळ्यात लहान वेडेपणा होता.

दिशानं कार्डं काढली. पहिला कोल्हा.

चंदा मॅडम म्हणाल्या, "हा म्हणजे लबाडीचं प्रतीक."

बाईजानं एकदा होळीकडं बघितलं, तोंडावर उलटा हात नेला आणि बोंब ठोकली. मग म्हणाली, "परतीक-बितीक नाय. हा रामू सरपंच हाये!"

शहात्तर वर्षांचा रामू वेखंडे, डोक्यावर तीच पांढरी टोपी, पुढे झाला आणि कार्ड डोळ्यांजवळ नेऊन बघू लागला. "मी? कोल्हा?"

"तूच तो, बाबा," त्याचा पोरगा शेखर मागून बोलला. हा शेखर आता स्वतः चव्वेचाळीसचा, विटांची भट्टी, दोन ट्रॅक्टर. "मला चार वर्सांचा असल्यापासनं माहीत हाये."

"मंग घरी सांगितलास का नाय?"

"सुकडी बंद झाली असती."

माळ फुटला. हसून हसून एकानं रंगाची बादली सांडली. पोटं सुटलेले, केस पिकलेले, बेलकडीचे सगळे चाळिशीतले बाप्ये आणि बाया एकदम कोल्होबाचं गाणं म्हणू लागले, सूर होता तसाच बेसूर. रामूनं एकदा चिडून बघायचा प्रयत्न केला, पण शिमग्यात काय चिडणार? तोही टोपी नीट करत हसला.

चंदा मॅडम हसल्या नाहीत. "सगळे एका गावचे. एकमेकांचीच बाजू घेणार," असं म्हणून त्यांनी दिशाच्या हातातलं दुसरं कार्ड ओढलं. "हे बघ. ही मांजर माझी सगळ्यात आवडती. चष्मा लावून, वहीवर पंजा ठेवून, गुळाचा खडा कवटाळून कशी झोपलीय! किती तृप्त चेहरा! अगदी जीव ओतून काढली होती मी."

सगळे मांजरीच्या चष्म्याकडं बघत होते आणि मग मॅडमच्या चष्म्याकडं. शेखरनं रुमाल तोंडात कोंबला. सुयोग खुर्चीमागे खाली बसला. दिशाची नजर कार्डावरून वर गेली, खाली आली, परत वर गेली, आणि तिनं ओठ दाबून धरले.

"कोन हाये रे ही मांजर?" बाईजानं विचारलं, अगदी अंगणवाडीतल्या आवाजात.

"चं-दा मॅ-डम!" चाळीस घसे एका तालात ओरडले.

मॅडमचा चेहरा गुलाल न लावता गुलाबी झाला. कुणालाही वाटलं असतं, आता त्या गाडीत जाऊन बसतील. पण हट्टी माणूस बुडताना दुसऱ्याचा पाय धरतो. त्यांनी तिसरं कार्ड काढलं आणि बाईजाच्या नाकासमोर नाचवलं. "अस्सं? प्रत्येक जनावर म्हणजे कुणीतरी आहे ना? मग सांग. ही म्हैस कोण? हीच सगळ्यात जास्त खपते. सांग ना! इथल्या सगळ्यांसमोर सांग!" आणि हे बोलताना त्या बाईजाकडं बघतच नव्हत्या. त्या खुर्चीतल्या म्हातारीकडं बघत होत्या. चंदा मॅडमनाही डोळे होतेच की.

हसणं थांबलं. चाळिशीतली सगळी पोरं जमीन बघू लागली. माहीत सगळ्यांना होतं.

"म्हस कोनी नाय," बाईजा म्हणाली. "म्हस म्हंजे म्हस."

"म्हणजे माहीत नाही! बघितलंस दिशा? हिला माहीत नाही!"

बाईजानं म्हातारीकडं बघितलं. पांढऱ्या केसांचा एवढासा अंबाडा, खुर्चीत बुडालेलं एवढंसं शरीर. एके काळी विहीर अडवून बसणारी बाई आता पाण्याचा पेला दोन हातांनी धरते. बाईजाला वाटलं, जळो ते नाव. शिमगा एका दिवसाचा, म्हातारीला पुढचे सगळे दिवस याच घरात माझ्यासमोर काढायचेत.

"लिव बाय, यांचंच नाव लिव," ती दिशाला म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला. "सगळ्यांखाली लिव. नाय माजी चित्रं. चल गो प्रियांका, आत्याचा चाय व्हायचा हाये."

"थांब!"

हा आवाज पस्तीस वर्षांपूर्वीचा होता. किन्हवलीपर्यंत जाणारा. बाईजाचे पाय सवयीनं थांबले.

"ती म्हस मी हाये," ताराबाई म्हणाली.

म्हातारी सुयोगकडं हात करून बाईजाला म्हणाली, "या तुज्या पोरानं पयल्याच दिवशी सांगितलं मला. आईच सुकडी वाटनारी, याला कसली भीती? मी चपल घेऊन गेल्ते तुला बडवायला. पोरं गेलेली, तू पानी आनाय गेलेली. भितीवर चित्र व्हतं." तिनं दिशाच्या दिशेनं हात केला. "आन तेच आता ह्या कार्डावर हाये. हिचा डावा कान बग, पोरी. काय दिसतंय?"

दिशानं कार्ड जवळ धरलं. "फाटलेला आहे. खालची पाळी चिरलीय. मला वाटलं, कागद खराब झाला असेल."

ताराबाईनं पदर कानावरून मागे घेतला. डाव्या कानाची पाळी मधोमध दोन भाग झालेली होती. गावानं ती कधी बघितली नव्हती. सुयोगनंही नाही. "नवऱ्यानं कुडी ओढली व्हती, पयल्या वर्सी. लोकांना बोलले, काटी लागली. पदर पुढं घेतला तो घेतला. माज्या आईनं नाय बगितला हा कान. कुनीच नाय." तिनं बाईजाकडं बोट केलं. "ही घरात येऊन पाच वर्सं झाली व्हती. मी हिला घास सुखानं गिळू देत नवते. आन हिनं बगितलं. मंग मी चपल पायात घातली आन घरी आले."

बाईजा भर माळावर रडली. पदर-बिदर काही नाही, लहान पोरासारखी तोंड उघडं टाकून रडली. "आत्या, चिडून काढली व्हती गो मी. खरंच चिडून काढली व्हती."

"मंग? मी काय गरीब गाय व्हते? म्हसच व्हते." म्हातारीनं नाक ओढलं. "रडू नको, लोक बगतात. ये पोरी, पेन काढ. लिव. बाईजा गणू भेरे. सगळ्या कार्डांवर. आन म्हशीच्या कार्डावर खाली माजं पन लिव."

"मंग कोल्ह्याखाली माजं..." रामू वेखंडेनं सुरुवात केली.

"तू गप रे," ताराबाई म्हणाली. "लिवलंस का गो? वाचून दाखव."

चंदा मॅडमच्या सिल्कवर एव्हाना कुणाच्या तरी पोरानं पिचकारी मारली होती आणि त्या गाडीची काच वर करत होत्या. तिकडं कुणाचं लक्ष नव्हतं. दिशानं कार्डाच्या पाठीवर पेनानं अज्ञात हा शब्द खोडला, वर लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं, "चित्र: बाईजा गणू भेरे. म्हैस: ताराबाई भेरे."

"हां," म्हातारी म्हणाली. "आता बरोबर झालं."